कापणं विसरलेल्या कात्र्या

घरात एकसारख्या दोन वस्तू दिसल्या की तिला अस्वस्थ व्हायचं. दोन्हींतली एक कुणीतरी उगीचच ठेवली आहे असा तिचा पहिला संशय असे, आणि संशयिताला बाहेरची वाट दाखवायला ती वेळ लावत नसे. लग्न होऊन आल्यावर तिने दोन छत्र्यांतली एक, दोन गाळण्यांतली एक आणि नवऱ्याच्या एकाच रंगाच्या तीन सदऱ्यांतले दोन मार्गी लावले, तेव्हा थोरल्या नणंदेने तिचं नाव ‘टापटीप’ ठेवलं. नणंदेने ठेवलेलं नाव आणि डिंकाने चिकटवलेलं तिकीट, दोन्ही सहसा निघत नाहीत. पुढे नवराही तिला टापटीपच म्हणू लागला, आणि ज्या संशोधनसंस्थेत ती काम करायची तिथेही हेच नाव पोचलं. पोचवायला लांब जावं लागलं नाही, कारण नणंद त्याच संस्थेत होती.

नणंदेचं राज्य अंगणापलीकडच्या काचघरात. तिथे ती वाटाण्याचे नवे वाण तयार करायची, म्हणून सगळे तिला वाटाणाबाई म्हणत. टापटीप मात्र तिला जुन्या वळणाने ‘वन्सं’ म्हणायची. सुरुवातीला ते गमतीने होतं, मग सवयीने झालं, आणि कधीतरी मधेच त्यात खरा आदर शिरला. तो कधी शिरला ते दोघींनाही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी दोघींनी मान्य केलं नसतं.

टापटीपचं काम अंगणाच्या अलीकडच्या बाजूला, संगणकावर. बुरशांचे जीनोम वाचायचे. म्हणजे बुरशीच्या पेशीत कोट्यवधी अक्षरांची जी पोथी असते ती एक यंत्र तुकड्यातुकड्यांनी वाचतं. ते तुकडे जुळवायचे, साफ करायचे आणि त्यात कुठल्या प्रथिनाची कृती कुठे लिहिली आहे ते शोधायचं. यातलं ‘साफ करायचे’ हे तिचं खास क्षेत्र. बुरशीच्या पोथीत तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यातला बराचसा सत्कार समारंभातल्या भाषणासारखा निरर्थक असतो. तर टापटीपने असा प्रोग्रॅम लिहिला होता, की प्रमाणाबाहेर वेळा आलेला मजकूर दिसला रे दिसला की तो त्याच्यावर चुना फासून पुढे जायचा. उरायचं ते स्वच्छ. या प्रोग्रॅमला संस्थेत केरसुणी म्हणत. तो सगळे वापरत आणि कुणीच त्याच्याकडे बघत नसे. चांगल्या केरसुणीचं असंच असतं.

‘तुमच्या त्या डब्यात बुरशी उगवते का गं कधी?’ असं वन्सं दर भेटीत विचारायच्या.

‘नाही वन्सं. डब्यात फक्त तिची कुंडली असते.’

‘मग बरोबर. कुंडली बघणारे भेटतात खूप, रोपाला पाणी घालणारा मिळत नाही.’

असं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मग एका सकाळी वन्सं अंगण ओलांडून आल्या. हे कधी होत नसे. त्यांच्या हातात वाटाण्याचं एक पान होतं, आणि पानावर कुणीतरी पिठाचे हात झटकावेत तसे पांढरे डाग होते.

वाटाणा लावणाऱ्या कुणालाही हे डाग दाखवा, तो म्हणेल, भुरी. भुरी ही बुरशीच, आणि वाटाण्याची जुनी वैरीण. पण हे पान वन्संच्या स्वतःच्या वाणाचं होतं. या वाणाच्या अंगात एक पहारेकरी होता. तो पेशीच्या आत बसायचा, भुरीने आत पाठवलेलं काहीतरी ओळखायचा आणि ओळखलं की ती एक पेशी स्वतः होऊन मरायची. पेशी मेली की भुरी उपाशी. बाकीचं रोप मजेत. वन्संनी आपलं निम्मं आयुष्य हा पहारेकरी एका रानटी वाटाण्यातून खाण्याच्या वाटाण्यात आणण्यात घालवलं होतं. त्याचं जनुक नेमकं कुठे आहे हे मात्र अजून सापडलेलं नव्हतं; रोप निरोगी राहतं, म्हणजे तो आहे, एवढंच कळायचं. आणि आता वाण शेतकऱ्यांच्या हाती जायची वेळ आली, तर काचघरातली रोपं पांढरी पडायला लागली.

‘संचालक म्हणतात बियाणं मिसळलं,’ वन्सं म्हणाल्या. ‘म्हणतात, तुमच्याकडून साध्या वाटाण्याचं बी यात गेलं असणार. पहारेकरीच नाही, तर चोर येणारच.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘मी काही म्हणत नाही. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर मी गाढवपणा केला आणि वाण चांगला आहे. नाहीतर मी काही केलं नाही, भुरीच बदलली आणि पहारेकऱ्याला ती आता दिसत नाही. मग वाण गेला.’ त्यांनी पान टेबलावर ठेवलं. ‘तू म्हणतेस ना कुंडली असते म्हणून. मग बघ.’

टापटीपने हो म्हटलं. मग वन्संनी तिला काचघरात नेलं आणि एक पान सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. कुंडली मांडायची तर निदान एकदा तोंड तरी बघ, म्हणाल्या.

टापटीपने भुरी अक्षरांत पुष्कळ वाचली होती. प्रत्यक्ष अशी पाहिली नव्हती. पानाच्या सालीवर काचेसारखे धागे पसरलेले होते. एका जागी धाग्याने बारीकसा पाय रोवला होता, आणि त्या पायाखालच्या पेशीच्या आत काहीतरी होतं. बोटं असलेली मूठ म्हणा. फुग्यात मूठ दाबावी आणि फुगा न फुटता मुठीभोवती बसावा, तशी ती पेशीत बसली होती. आणि पेशी मेली नव्हती. तिच्यातले बारीक कण मुठीला वळसा घालून संथपणे वाहत होते, एखाद्या घरात पाहुणा येऊन बसलाय आणि घरची माणसं त्याला न हलवता आपापली कामं करतायत, तसे.

‘तिला कळत नाही?’ टापटीपने विचारलं.

‘कळू दिलं जात नाही. म्हणजे ही बया आतून काहीतरी सोडते, ज्यामुळे घर गप्प राहतं. काय सोडते ते तुझ्या डब्यात.’

टापटीप बराच वेळ डोळा लावून बसली. शेवटी वन्संनी तिच्या खांद्यावर टकटक केलं. ‘ऊठ आता. मलाही बघायचंय. मी रोज बघते, तरी.’

पानावरची भुरी झटकून घेतली, तिचं डीएनए यंत्राला खाऊ घातलं. जुन्या भुरीची पोथी आधीच वाचून ठेवलेली होती, आणि हिच्या एका लांबच्या चुलतबहिणीचीही, जी सडक्या पानांवर जगते आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसते. टापटीपने तिन्ही पोथ्या केरसुणीखालून काढल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या.

तिची अपेक्षा अशी, की जी घरफोडी करते तिच्याकडे हत्यारं जास्त असतील. निघालं उलटंच. सडकी पानं खाणाऱ्या त्या गरीब चुलतबहिणीकडे भिंती फोडायची, साली विरघळवायची, लाकूड चावायची प्रथिनं घराणीच्या घराणी होती. भुरीकडे त्यातलं जवळजवळ काही उरलं नव्हतं. मातीतलं नायट्रेट पचवायची सोय गेली होती. काही जीवनसत्त्वं स्वतः बनवायची सोय गेली होती. एकेक घराणं कधी ना कधी मोडीत निघालेलं, कृतीची पानं फाटलेली, अर्धवट अक्षरं लोंबणारी. भिंत फोडणारा आवाज करतो, आवाजाने घर जागं होतं. म्हणून हिने पिढ्यान्‌पिढ्या आवाज करणारी एकेक वस्तू टाकून दिली होती. स्वतःची चूल विझवली होती आणि परतीचे दोर कापले होते. जिवंत वाटाणा मिळाला तर जगायचं, नाहीतर नाही.

‘आयत्या बिळावर नागोबा,’ नवरा जेवताना म्हणाला. तो चष्मे बनवायचा आणि प्रत्येक गोष्टीकडे थोडं डोळे बारीक करून बघायचा.

‘नागोबाला निदान दुसरं बीळ तरी शोधता येतं,’ टापटीप म्हणाली. ‘हिला तेही नाही.’

हे सगळं थक्क करणारं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रश्न होता जुन्या आणि नव्या भुरीत फरक काय. आणि तिथे केरसुणीने स्पष्ट सांगितलं, की सांगण्यासारखा फरक नाही.

हे वन्संना सांगायला टापटीप अंगण ओलांडून गेली. भुरी बदललेली नाही याचा अर्थ बियाणं मिसळलं. म्हणजे ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक शेंगेला पिशवी बांधली, तिला तोंडावर सांगायचं की तुम्ही गाढवपणा केलात.

वन्संनी ऐकून घेतलं. आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘म्हणजे माझा वाटाणा शाबूत आहे,’ त्या म्हणाल्या.

‘वन्सं, पण मग बियाणं…’

‘मिसळलं. माझ्याकडून. वय झालं गं, होतं.’ बक्षीस मिळाल्यासारख्या त्या हसल्या. ‘संचालकांना मीच सांगून येते. तू सांगितलंस तर तुझ्याकडे बघून त्यांना वाईट वाटेल, मी सांगितलं तर नुसता आनंद होईल.’

संचालकांना झालाच. त्यांनी ठरवलं, की काचघर दुसऱ्याकडे द्यायचं, बियाणं पुन्हा निवडून शुद्ध करायचं, वाण ठरल्याप्रमाणे शेतकऱ्यांना द्यायचा, आणि बाईंना ग्रंथालयाशेजारच्या खोलीत सल्लागार म्हणून बसवायचं. त्या खोलीत आजवर बसवलेल्या कुठल्याही सल्लागाराला कुणी सल्ला विचारल्याची नोंद नव्हती. समितीच्या सभेत यावर शिक्का बसायचा तेवढा बाकी होता. पण वेळेच्या नियोजनावरच्या परिषदेला गेलेल्या संचालकांचं परतणं लांबलं, म्हणून सभाही लांबली.

पुढच्या रविवारी वन्सं भावाकडे जेवायला आल्या. इतक्या खुशीत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. टापटीपला मात्र ते पटत नव्हतं. या बाईंनी लहानपणी भावाच्या गोट्यांनासुद्धा क्रमांक घातले होते. त्यांच्या हातून बी मिसळेल? पण मग पोथी खोटं बोलते का?

‘कात्री कुठे गेली?’ स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला. तो हातात मधाची बरणी घेऊन उभा होता.

‘खुंटीला आहे.’

‘ती नव्हे. दुसरी. बोथट.’

‘ती टाकली मी. दोन होत्या एकसारख्या. आणि तिला धारही नव्हती.’

नवरा थोडा वेळ बरणीकडे आणि मग बायकोकडे बघत राहिला. ‘अगं, तिने मी कधी कापलं का काही? तिच्या दोन कड्यांमधे झाकण धरायचं आणि पिळायचं. घरातली प्रत्येक बरणी मी तिनेच उघडतो. धारवाली घेतली तर हात कापेल. बोथट होती म्हणून तर कामाची होती.’

‘हे मला कधी सांगितलंत?’

‘तू कधी विचारलंस? तू फक्त मोजतेस.’

‘अरे, ओरडू नकोस तिला,’ वन्सं म्हणाल्या. त्या आज कुणालाही माफ करायला तयार होत्या. ‘माझ्या लग्नातल्या दोन समया एकसारख्या होत्या म्हणून माझ्याकडेही एकदा संशयाने बघून गेलीय ती. जाऊ दे. दिसल्या सारख्या, म्हणून एक टाकली. तिचा स्वभाव आहे.’

नवऱ्याने बरणी टेबलावर आपटून बघितली, गरम पाण्यात धरून बघितली, फडक्याने पिळून बघितली. मध काही मिळाला नाही. टापटीपचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिच्या स्वभावाने घरात जे केलं होतं तेच तिच्या प्रोग्रॅमने पोथीत केलं असेल, तर? एकसारखं पुष्कळ वेळा दिसलं, की केर. दोन्ही वह्यांतली तीच ती पानं फाडायची, आणि मग दोन्ही वह्या सारख्याच आहेत असं जाहीर करायचं.

सोमवारी सकाळी तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि दोन्ही पोथ्यांवरचा चुना खरवडून काढला.

खाली खरोखरच खूप केर होता. उड्या मारत स्वतःच्याच नकला जागोजाग ठेवत जाणारा मजकूर, मैलच्या मैल. पण त्या केराच्या मधे मधे, ढिगाऱ्यात खिडक्या दिसाव्यात तशा, कृती होत्या. प्रथिनांच्या पुऱ्या, धडधाकट कृती. छोटी छोटी प्रथिनं, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला एकच शिक्का, ‘घराबाहेर पाठवा’. टापटीपने मोजायला सुरुवात केली, मग मोजणं सोडून दिलं, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. शेकडो होती. एकाचा मजकूर दुसऱ्याशी पुरता जुळत नव्हता, तरी सगळी कुठेतरी एकमेकांची आठवण करून देत होती. लग्नात लांबच्या नातेवाइकांची रांग बघावी आणि नाव एकाचंही माहीत नसताना नाक ओळखीचं वाटावं, तसं.

मग तिने संगणकाला ती प्रथिनं घडी घालायला दिली. प्रथिन हे मुळात लांब दोरा असतं, आणि कामाला लागण्यापूर्वी ते स्वतःची घडी घालून घेतं. कोण कशी घडी घालेल हे संगणक आता बऱ्यापैकी सांगतो. पहिली घडी पडद्यावर आली. मग दुसरी. दहावी. पन्नासावी. वरचे कपडे सगळ्यांचे वेगळे, कुणाचा झब्बा, कुणाचा कोट, आणि आतली हाडं तीच. तीच वळणं आणि तीच कंबर.

ती हाडं टापटीपला ओळखीची होती. ती एका कात्रीची होती. जवळजवळ प्रत्येक बुरशीकडे असते, एक साधी घरगुती कात्री, आरएनएचे धागे कापणारी. सडकी पानं खाणाऱ्या चुलतबहिणीकडेही ती होती, एकच, नीट धार असलेली. टापटीपने भुरीच्या या शेकडो कात्र्यांमधे धारेच्या जागा तपासल्या. धार नव्हती. एकीलाही नव्हती.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

असं झालं असणार. फार फार पूर्वी, वाटाणाही नव्हता तेव्हा, नक्कल करताना हात चुकला आणि एका कात्रीच्या दोन झाल्या. थोरलीला रोजचं काम. तिने धार सोडली तर घर बुडतं, म्हणून ती होती तशीच राहिली. धाकटीला काही कामच नव्हतं. उनाड भावंडाला कुणी विचारत नाही, म्हणून त्याला वाटेल तिकडे जाता येतं. हिची धार गेली, कुणाचं काही बिघडलं नाही. अंगावरचे कपडे बदलले, तरी कुणी हटकलं नाही. आणि कधीतरी, कपडे बदलता बदलता, ती घराबाहेर पडून एका पानाच्या पेशीत शिरली आणि तिथल्या कशाला तरी अशी चिकटून बसली की घर गप्प झालं. मग तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. केर म्हणून जो मजकूर टापटीपने चुन्याखाली गाडला होता, त्यानेच उड्या मारता मारता ही भावंडं सगळीकडे पेरली होती. भुरीने एका हाताने बापजाद्यांचं घर विकलं आणि दुसऱ्या हाताने एका बोथट कात्रीचं एवढं मोठं घराणं उभं केलं. कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुठल्या समितीची सभाही झाली नव्हती. एवढं सगळं वाटाण्याच्या एका पानावर, फुंकर मारली तर उडेल अशा पांढऱ्या पिठात.

आता जुनी आणि नवी भुरी शेजारी शेजारी ठेवली, तर फरक लगेच दिसला. घराण्यातल्या एका भावंडाचा चेहरा नव्या भुरीत बदललेला होता. हाडं तीच, दर्शनी भागावर दोनचार ठिकाणी वेगळी अक्षरं. पहारेकरी याच चेहऱ्याला ओळखत असेल, तर आता त्याच्यासमोरून चोर रोज ये-जा करत होता आणि तो प्रामाणिकपणे पहारा देत होता.

म्हणजे वन्संनी काही चूक केली नव्हती. म्हणजे वन्संचा वाटाणा गेला होता.

सांगावं की नाही हा प्रश्न टापटीपला पडला नाही असं नाही. वन्सं इतक्या खुशीत होत्या. पण हाच वाण शेतांमधून गेला असता, पहारेकरी आहे या भरवशावर लोक बिनधास्त राहिले असते, आणि एका हंगामात सगळं पांढरं झालं असतं. तिने वन्संना बोलावून घेतलं. वाटाणा गेला हे सांगायचं तर निदान समोरासमोर.

वन्संनी पडद्यावर ती घराण्याची रांग पाहिली. एकेक घडी फिरवून पाहिली. कपडे काढून नुसती हाडं पाहिली.

‘ही सगळी तिच्या एवढ्याशा अंगात?’

‘हो.’

‘आणि मूळची एक कात्री.’

‘मूळची एक.’

‘मी एक पहारेकरी आणायला निम्मं आयुष्य घालवलं,’ वन्सं म्हणाल्या, ‘आणि हिच्याकडे सोंगं किती, तर तुलाही मोजता आली नाहीत.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. एका वैद्याने दुसऱ्या वैद्याच्या हाताचा गुण बघावा तसं त्या बघत होत्या. मग त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, ‘तुला खात्री आहे? की मला वाचवायला काहीतरी शोधून काढलंस?’

‘एक चाचणी करता येईल. जुन्या चेहऱ्याचं प्रथिन करून घ्यायचं आणि तुमच्या रोपाच्या पानात सोडायचं. पहारेकरी असेल तर तेवढी जागा स्वतःहून मरेल, तपकिरी डाग पडेल. नसेल तर पान हिरवंच राहील.’

‘म्हणजे डाग पडला, तर मी बरोबर आणि वाटाणा गेला. आणि हिरवं राहिलं, तर मी गाढव आणि वाटाणा राहिला.’

‘हो.’

‘तुझ्या हाताने नको,’ वन्सं म्हणाल्या. ‘तुझ्या हातून कुंडीतला निवडुंगसुद्धा मेला होता. मीच सोडते.’

प्रथिन तयार व्हायला दिवस लागले, आणि संचालकांचं वेळेचं नियोजन अजून चाललेलंच होतं. मग एका सकाळी वन्संनी पांढऱ्या पडलेल्या रोपांतलं एक निवडलं, एक स्वच्छ पान उलटं केलं, खालून बोट लावलं आणि सुई नसलेली सिरिंज पानाच्या पोटाशी टेकवून हलकेच दाबली. डाव्या बाजूला जुना चेहरा, उजव्या बाजूला नवा. पाण्याची ओल दोन ठिकाणी पसरली आणि विरली. टापटीपने आपले दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला वाटाण्याएवढाच तपकिरी डाग होता. कडा स्वच्छ. उजवी बाजू हिरवीगार.

वन्संनी डागावरून अंगठा फिरवला. ‘बघ, किती नेमका,’ त्या म्हणाल्या. ‘जागा आहे तो. बिचारा अजून जागा आहे.’

सभा भरली. समितीत संचालक, एक हिशेबनीस आणि एक ज्येष्ठ सभासद होते, जे सभा सुरू होताना डोळे मिटायचे आणि चहाला उघडायचे. टापटीपने पोथ्या दाखवल्या, केरसुणीने काय झाकलं ते दाखवलं, पान दाखवलं.

‘म्हणजे बाई निर्दोष,’ संचालक म्हणाले. त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं.

‘हो.’

‘आणि वाटाणा?’

‘वाटाणा गेला,’ वन्संच बोलल्या. ‘शेतात देऊ नका. सगळा उपटा.’

हिशेबनीसाने सगळा उपटायचा असं लिहायला घेतलं.

‘सगळा नको,’ टापटीप म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. जिने कधी काही ठेवा म्हटलं नव्हतं, ती ठेवा म्हणत होती. ‘या घराण्यातली बाकीची काय करतात ते शोधायचं तर ही नवी भुरी जिवंत लागेल. ती बशीत वाढत नाही, बाटलीत वाढत नाही. तिला जिवंत पान हवं. साध्या वाटाण्यावर ठेवली तर जुनी भुरी येऊन तिच्यात मिसळेल. जुनी फक्त एकाच वाटाण्यावर टिकत नाही. वन्संच्या. पहारेकरी जुनीला अजून आत येऊ देत नाही. नवीला शुद्ध ठेवायचं तर जगात तेवढंच एक रोप आहे.’

‘म्हणजे रोगाला पोसायचं?’ संचालकांनी विचारलं.

‘पोसायचं,’ वन्सं म्हणाल्या.

ज्येष्ठ सभासदांनी डोळे न उघडताच मान हलवली. चहा अजून आला नव्हता, त्यामुळे ते झोपेत बोलले की जागेपणी हे कुणाला कळलं नाही. ‘पाहुणा सोडवत नसेल,’ ते म्हणाले, ‘तर यजमान ठेवावा.’

तसं ठरलं. काचघरातली सगळी रोपं उपटली गेली, वन्सं स्वतः उभ्या राहिल्या, आणि कोपऱ्यात काचेच्या एका पेटीत एक ताटवा उरला. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत कुणी गेलं नाही; तिथली सल्लागाराची खुर्ची अजून रिकामी आहे.

पहिली कोवळी पानं उलगडली त्या सकाळी टापटीप अंगण ओलांडून आली. येताना तिने नवऱ्यासाठी काचघराच्या खणातली एक गंजकी कात्री मागून घ्यायची ठरवली होती, कारण घरातला मध अजून बंदच होता. वन्संच्या हातात मऊ ब्रश होता. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या शेवटच्या पानावरून त्यांनी तो हलकेच फिरवला आणि नव्या पानांवर झटकला. बाळाच्या अंगाला पावडर लावावी, तसा. आयुष्यभर जिला हाकललं, तिलाच त्या आता आपल्या हाताने वाढवत होत्या.

मग त्यांनी एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि डोळा लावला. कात्रीचं विचारायला टापटीप शेजारी थांबली. वन्सं उठायचं नाव घेईनात.

‘वन्सं, दिसतंय का काही?’

‘पाय रोवतेय,’ वन्सं कुजबुजल्या. ‘बोलू नकोस.’